रिकाम्या खोलीचं माप

हे वाचता वाचता जरा आपल्या पोटावर हात ठेवा. ठेवलात? आता कल्पना करा, की तुमच्या हाताखाली, कातडीच्या आत कुठेतरी, एक उलटा कण नुकताच जन्माला आला. आणि तुम्ही पुढचा शब्द वाचायच्या आत मेलाही.

ही नुसती कल्पना नाही बरं का. केळं, बटाटा, डाळ, शहाळ्याचं पाणी, या सगळ्यांत पोटॅशियम असतं, आणि खाल्लेल्या अन्नातून ते आपल्या अंगात मुरतं. त्यातले काही मोजके अणू चंचल असतात. ते आपोआप फुटतात, आणि असा एखादा अणू फुटताना क्वचित त्यातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन तुम्हाला माहीत आहे. पॉझिट्रॉन त्याचा उलटा जुळा भाऊ. वजन तितकंच, पण इलेक्ट्रॉनचा विद्युतभार ऋण, तर याचा धन. आपलं सगळं जग साध्या द्रव्याचं आहे. त्यात हा प्रतिद्रव्याचा एकटा पाहुणा येतो. क्षणभर इकडेतिकडे भटकतो, एखादा इलेक्ट्रॉन त्याला भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. राख नाही, धूर नाही, काही नाही. दोघांच्या वस्तुमानाचा प्रकाश होतो, आणि त्याचे दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात, पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन मुलांनी आपापल्या समोर धूम ठोकावी तसे.

घाबरू नका. हे तुमच्या जन्मापासून चाललंय आणि तुम्हाला कधी गुदगुलीही झालेली नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण समजा, तो दिसेल असं यंत्र कुणी बनवलं, तर?

आता हात काढा आणि माझ्याबरोबर थोडी वर्षं पुढं चला.

भंडारा जिल्ह्यात मोहटोल्याजवळ मँगनीजची एक जुनी खदान होती. खनिज संपलं, खदान बंद पडली, आणि मग तिच्या पोटात एक प्रयोगशाळा आली. प्रयोगशाळा जमिनीखाली कशाला, असं तुम्ही विचाराल. आकाशातूनही सूक्ष्म कणांचा सारखा मारा होत असतो. त्या गलक्यात माणसाच्या अंगातली एवढीशी चमक ऐकू कशी येणार? म्हणून वर खडकाची जाड छत्री हवी.

खाली एक खोली होती. तीन बाजूंना स्फटिकांच्या फळ्या, चौथ्या बाजूला विटांची जुनी पातळ भिंत, मधोमध एक खुर्ची. खुर्चीत तासभर निश्चल बसायचं. दोन्ही किरण पकडले गेले तर ठिणगी नेमकी कुठं पडली ते कळायचं. एकच सापडला, तरी हे नवे स्फटिक तो कुठल्या बाजूनं आला ते सांगायचे. ठिपके तसे विरळच पडायचे. पण शेकडो शरीरं पाहून तयार झालेला संगणक ते जोडायचा, रांगोळीचे ठिपके पाहून तुमची आई जशी आख्खी रांगोळी ओळखते तसा. आणि पॉझिट्रॉन मरण्याआधी किती वेळ जगला, यावरून तिथला मांसाचा कण निरोगी आहे की बिघडू लागलाय हेही समजायचं. दुखणं वर यायच्या कितीतरी आधी.

या यंत्राची एक अट मात्र होती. जो थांबतो तोच त्यात दिसतो. चालत गेलेला माणूस पुसून जातो.

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या सकाळी खुर्चीत शाल्मली बसली होती. सहावीतली मुलगी. तिची आई ज्योत्स्ना यंत्र चालवायची. निरोगी मुलांची चित्रंही तुलनेला लागतात, म्हणून शाल्मली अधूनमधून बसायची.

"शालू, नाक खाजवू नको," भिंतीवरच्या भोंग्यातून आईचा आवाज आला.

"तुला कसं दिसलं?"

"मला सगळं दिसतं."

"खोटं! यंत्राला तास लागतो. तू अंदाज मारला."

"अंदाज बरोबर आला ना? मग बस गपचूप."

पलीकडे डॉ. निमगडे हसल्याचं ऐकू आलं. या प्रयोगशाळेच्या प्रमुख. केस पांढरे, पायात कायम कॅनव्हासचे बूट. गावातली माणसं त्यांना 'उलट्या कणाची बाई' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

तास संपला. शाल्मली आळोखेपिळोखे देत शेजारच्या खोलीत आली. "दाखव ना, माझं पोट कसं दिसतं? सकाळी दोन केळी खाल्लीत."

आई आणि डॉ. निमगडे संगणकाच्या पडद्याकडेच बघत होत्या.

पडदा राखाडी होता. मधोमध पिवळ्या ठिपक्यांची शाल्मली बसलेली. मांड्या उजळ, डोकं थोडं मंद. आणि तिच्या मागे, उजव्या खांद्याच्या पलीकडे, आणखी कुणीतरी बसलं होतं.

ते पिवळं नव्हतं. काळं होतं. आजूबाजूच्या राखाडीपेक्षा खूप काळं, जणू पडद्याला माणसाच्या आकाराचं भोक पडलंय. एक गुडघा उभा, त्यावर हात, मान जराशी कलती. तोंड शाल्मलीच्या पाठीकडे.

"ही काय गंमत आहे?" शाल्मली म्हणाली. पण तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

"स्फटिक बिघडला असेल," डॉ. निमगडे म्हणाल्या. त्यांनी एकेक फळी तपासली. सगळं ठीक होतं. "ज्योत्स्ना, खुर्चीमागे काय आहे?"

"भिंत आहे मॅडम."

"आणि भिंतीमागे?"

ज्योत्स्नाने तोंडावर हात घट्ट धरला होता.

भिंतीमागे काय आहे ते शाल्मलीला माहीत होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, म्हणून तर जास्तच माहीत होतं. तिथं खदानीचा जुना फाटा, म्हणजे बाजूला गेलेला बोगदा होता. ती रांगतही नव्हती तेव्हा त्या फाट्याचं छत कोसळलं आणि तिचे बाबा आत अडकले. माणसं पोचली तेव्हा उशीर झाला होता. ते भिंतीला टेकून बसलेलेच सापडले, असं तिनं एकदा शेजारच्या बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. नंतर तो फाटा या बाजूनं विटा लावून बंद केला.

"आई," तिनं हळूच विचारलं, "ते बाबा आहेत का?"

"नाही." उत्तर प्रश्न संपायच्या आतच आलं.

डॉ. निमगडेंनी स्टूल ओढून तिला शेजारी बसवलं. "शाल्मली, आपण भूत शोधायला बसलेलो नाही. चित्राला विचारू. राखाडी म्हणजे काय?"

"काही नाही. शून्य."

"पिवळं?"

"शून्यापेक्षा जास्त ठिणग्या."

"मग काळं?"

शाल्मली थांबली. "शून्यापेक्षा कमी? पण काहीच नसण्याहून कमी कसं असेल?"

"दूधवाला काय करतो? आधी रिकामं भांडं तोलतो, मग दुधासकट. आणि वजा करतो. खडकातही पोटॅशियम असतं ना, त्याच्याही ठिणग्या पडतात. म्हणून आम्ही रोज रिकाम्या खोलीचं माप घेतो आणि आजवरच्या मापांची सरासरी प्रत्येक चित्रातून वजा करतो. आता समज, रिकामं भांडं तोलताना त्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटलेला होता, आणि नंतर तो पडून गेला. तर?"

"तर दूध कमी भरेल." शाल्मलीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्या काळ्या माणसाकडे आता बघवत होतं, कारण तो आता गणितात बसला होता. आणि पुढच्याच क्षणी ते गणित तिला भुतापेक्षा भयानक वाटलं. "म्हणजे तिथं आज कोणी बसलेलं नाहीये. रोज कोणीतरी बसत होतं. ते आज नाही."

डॉ. निमगडेंची बोटं कळफलकावरच राहिली.

"रिकाम्या खोलीचं माप कधी घेता तुम्ही?"

"सकाळी. कुणी यायच्या आत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तुझी आईच घेते."

सकाळी. घरात सकाळी काय होतं ते शाल्मलीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आई गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून निघायची. आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, तिच्याही आधी काठी घेऊन बाहेर पडलेले असायचे. आबाजी याच खदानीत म्हातारे झाले होते. सून इथं नोकरीला लागली ते त्यांना पटलं नव्हतं. भांडले नाहीत, फक्त एकदा म्हणाले होते, "ती पट्टी काढून ठेव वो बाई, मग चाय दे." तेव्हापासून आई पट्टी काढून त्यांना चहा द्यायची, आणि दोघं एकमेकांशी चहापुरतंच बोलायची. खदानीच्या जुन्या वाटांवर कुणी फिरकायचं नाही असा नियम होता. आईनं तो त्यांना बजावलाही होता, "मामाजी, तुम्ही तिकडे दिसलात तर माझी नोकरी जाईल." ते म्हणाले होते, "मले काय करायचं आहे तिथं? मी आपला तलावाच्या पाळीवर बसतो."

तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची माती तांबडी. आणि आबाजींच्या धोतराचा काठ रोज काळा होऊन यायचा. मँगनीजची काळी धूळ, घासूनही न निघणारी.

"आई, आबाजी असेच बसतात ना? एक गुडघा वर करून?"

"तुझे बाबाही असेच बसायचे." आईनं पहिल्यांदाच ते वाक्य उच्चारलं. मग तिचा चेहरा एकदम पालटला. "मामाजी आज सकाळी निघाले होते ना?"

"माझ्यासमोर निघाले."

"तलावावर फोन कर. काठावरच्या पारध्याच्या दुकानात कर. कोणाला तरी विचार!"

दुकानदार म्हणाला, आबाजी तलावावर? ते तर कित्येक महिन्यांत इकडे फिरकलेच नाहीत.

ज्योत्स्ना डॉ. निमगडेंसमोर उभी राहिली. गळ्यातली पट्टी तिनं मुठीत गच्च धरली होती. "मॅडम, ते माझे सासरे आहेत. रोज तिकडून येऊन दिवसभर बसत असणार, म्हणूनच आजवर वजाबाकीत दिसले नाहीत. मी इकडे माप घ्यायची आणि ते पलीकडे... मला खरंच माहीत नव्हतं. आपली सगळी चित्रं चुकली. सगळ्या पेशंटची."

"चित्रं पुन्हा काढता येतील," डॉ. निमगडे म्हणाल्या. त्यांनी पहारेकऱ्याला जुन्या वाटेच्या तोंडाशी पिटाळलं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. धापा टाकत होता. "मॅडम, बोगद्याच्या तोंडाशी चपला आहेत. देवळात जाताना काढून ठेवतात ना, तशा जोडीनं ठेवलेल्या. आन् आत चार पावलांवर माती पडली आहे. ताजी. जागाच नाही शिरायला."

"आबाजी!" शाल्मली ओरडली, पण त्या खोलीतून आवाज कुठं जाणार होता?

"ते खाली पडले असतील तर दिसणार नाहीत, यंत्र खुर्चीच्या उंचीखालचं चित्र काढत नाही," डॉ. निमगडे भराभर बटणं दाबत म्हणाल्या. "पण ठिणग्या सगळीकडच्या साठवतं. ज्योत्स्ना, खोली बांधली तेव्हाचं पहिलं माप काढ. तेव्हा पावसाळा होता, ती वाट पाण्यानं भरलेली होती, कुणी येऊच शकलं नसेल. ते वजा कर. सकाळपासूनच्या ठिणग्या घे आणि जमिनीपर्यंत दाखव."

पडदा कोरा झाला. मग हळूहळू राखाडी भरली. काळा माणूस नाहीसा झाला होता.

खाली, भिंतीच्या पायाशी, पिवळे ठिपके उमटत होते. आधी मांड्या. मग पाठ. कुशीवर पडलेला एक माणूस, गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात जमिनीवर पसरलेला.

"सापडले!" शाल्मली टाळी वाजवणार होती. आईनं तिचा हात धरला.

"मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली, "पोटॅशियमला काय कळतं?"

शाल्मलीला तो प्रश्न समजायला जरा वेळ लागला. समजला तेव्हा तिला वाटलं, तो न समजता तर बरं झालं असतं. अणू फुटायला माणूस जिवंत असावा लागत नाही. श्वास चालू असो वा थांबलेला, उलटे कण अंगात जन्मतच राहतात, मरतच राहतात, आणि प्रकाश येतच राहतो. पडद्यावर आबाजी छान उजळ दिसत होते. फार छान. फार स्पष्ट. या यंत्रात इतकं स्पष्ट कोण दिसतं? जो अजिबात हलत नाही तो.

महिनोन् महिने त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला इथं एकच गोष्ट सांगितली जायची. चित्र बिघडवू नका. आता शाल्मली पडद्याला नाक लावून पुटपुटत होती, "बिघड ना. बिघड ना रे चित्रा."

मग ती एकदम वळली. "आई, सगळ्या ठिणग्या एकत्र नको. आधी सकाळच्या वेगळ्या दाखव. मग मी खुर्चीत बसले होते त्या तासाच्या वेगळ्या."

ज्योत्स्नाने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली.

डावीकडच्या चित्रात तो हात जमिनीवर पसरलेला होता. पंजासुद्धा ओळखू येत होता. उजवीकडच्या चित्रात डोकं तिथंच, पाठ तिथंच, गुडघे तिथंच. हात नव्हता. खांद्यापासून पुढं सगळा पुसट पिवळा धूर.

"हात कुठं गेला?" डॉ. निमगडेंच्या तोंडून निघून गेलं.

"गेला नाही!" शाल्मली आता हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "हलवताहेत! आबाजी हात हलवताहेत! भिंत ठोकत असतील! मी इथं बसले होते आणि ते तिकडून ठोकत होते!"

"आपल्याला ऐकू कसं येणार," ज्योत्स्ना म्हणाली. "आपण भिंतीला गादी लावली आहे. खोली शांत राहावी म्हणून."

मातीतून वाट काढायला संध्याकाळ झाली असती. भिंत इथं होती, हाताच्या अंतरावर. पण ती फोडली की जुन्या फाट्यातली धूळ आणि खडकातून झिरपणारा किरणोत्सारी वायू खोलीत भरणार, आणि मग स्फटिक पुन्हा इतकी बारीक चमक कधी पाहतील की नाही, सांगता येत नव्हतं. डॉ. निमगडेंनी ही खोली उभी करण्यात आपली अर्धी नोकरी घालवली होती. त्यांनी एकदा फळ्यांवरून नजर फिरवली. चष्मा काढून पदरानं पुसला.

"पहारेकऱ्यांना सब्बल घेऊन बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि ज्योत्स्ना, ॲम्ब्युलन्स."

गादी खाली ओढली. मागं लालसर विटा उघड्या पडल्या. ज्योत्स्नाने त्या विटांना इतक्या वर्षांत कधी हात लावला नव्हता. आता तिनं कपाळ टेकलं आणि जोरात हाक मारली, "मामाजी! मी आहे, ज्योत्स्ना! ऐकू येतं का?"

पलीकडून एक आवाज आला. ठक. फार बारीक, कुणी नखानं टिचकी मारावी तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठक.

पहारेकरी लोखंडी सब्बल उचलून पुढं आले. त्यातला एक म्हणाला, "कुठं मारू मॅडम? ते भिंतीला लागूनच पडले असतील तर वीट डोक्यात बसेल त्यांच्या."

आणि तेव्हा शाल्मलीनं काय केलं, ते सांगतो.

खुर्चीची जागा आखायला ठेवलेला खडूचा तुकडा तिनं उचलला. पडद्यापाशी गेली, बोटांनी अंतर मोजलं, पळत भिंतीपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि विटांवर काढू लागली. आधी डोकं. पुन्हा पडद्याकडे, पुन्हा भिंतीकडे. मग पाठीची कमान, पोटाशी घेतलेले गुडघे, पावलं. डाव्या विटेवर चुकलं, ते तिनं फ्रॉकच्या टोकानं पुसलं आणि नीट काढलं. पाहता पाहता भिंतीच्या पायथ्याशी एक म्हातारा माणूस कुशीवर निजला. त्याच्या पावलांपासून बऱ्याच अंतरावर, वरच्या बाजूला तिनं एक मोठी फुली मारली.

"इथं मारा, काका," ती म्हणाली.

"आन् हात? हात नाही काढला त्यांचा?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"हात नाही काढता येत," शाल्मली म्हणाली. "तो हलतोय."